फुकटच्या चिठ्ठीला चान्स किती?

मैत्रिणींनो, बक्षिसाचा विषय निघाला की आपल्या घोळक्यात एक वाक्य हमखास येतंच. "फुकट पाठवलेल्याला कुठं लागतं गं बक्षीस! जे पैसे घालतात त्यांचाच नंबर." मग ते हळदीकुंकू असो, बचत गटाची बैठक असो, नाही तर एसटीची वाट बघत बसलेल्या चौघीजणी असोत. मालिका संपता संपता पडद्यावर प्रश्न झळकतो, खाली चार पर्याय येतात आणि निवेदिका लाडीगोडी लावत सांगते, उत्तर पाठवा आणि जिंका! कुणी मिस्ड कॉल द्यायला सांगतं, कुणी एसएमएस करायला, कुणी अ‍ॅप उघडायला. घरात एकीचा हात लगेच मोबाइलकडे जातो, आणि दुसरी कोपऱ्यातून हसते, "पाठव, पाठव. तुझ्यासाठीच ठेवलाय मिक्सर!"

मी या दोन्ही प्रकारच्या बायकांना चांगली ओळखते. पाठवणाऱ्या भोळ्या नसतात आणि हसणाऱ्या सगळ्या शहाण्या असतात असंही नाही. पण दोघींकडे उत्तर नसतं ते एकाच प्रश्नाला. फुकट पाठवलेलं उत्तर खरंच त्या ढिगात जातं का? आणि गेलंच, तर पैसे मोजून पाठवलेल्या उत्तराइतकीच त्याची किंमत असते का? म्हटलं, नुसत्या गप्पा मारण्यापेक्षा एकदा हा हिशेब मांडूनच बघू.

भिशीचा डबा

सोडत म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या गल्लीत आम्हा बारा जणींची भिशी आहे. महिन्याच्या पाच तारखेला स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या पडतात. आधी नावं मोजली जातात, मग चिठ्ठ्या मोजल्या जातात. डबा हलवला जातो. मग कुणाच्या तरी नातवाला पुढे बोलावतात, त्याचे डोळे झाकतात आणि तो एक चिठ्ठी उचलतो. नाव मोठ्यानं वाचलं जातं. नाव निघालेली हसते, बाकीच्या चहा पितात. कुणाच्या मनात किंतु राहत नाही.

का राहत नाही? कारण चार गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर घडतात. प्रत्येकीची चिठ्ठी डब्यात पडते. सगळ्या चिठ्ठ्या पडल्याशिवाय डब्यात हात जात नाही. उचलणाऱ्याला कुणाचं काही घेणंदेणं नसतं. आणि नाव सगळ्यांसमोर वाचलं जातं. टीव्हीवरची स्पर्धा म्हणजे हाच डबा, फक्त तो मुंबईत कुठल्या तरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि आपण असतो आपल्या गावात. म्हणून या चार गोष्टी तिथं घडतात का, एवढंच आपल्याला बघायचं आहे. पैसे भरले की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

पंधरा पैशांचं कार्ड

फुकटात किंवा जवळजवळ फुकटात भाग घ्यायची हौस काही मोबाइलमुळे आलेली नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'सुरभि' लागायचं, आठवतं? सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे. कार्यक्रमात प्रश्न विचारायचे आणि उत्तर पोस्टकार्डावर मागवायचे. तेव्हा साधं कार्ड १५ पैशांना मिळायचं. देशभरातून इतकी कार्डं जायची की एका आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रं आल्याची नोंद लिम्का बुकात झाली. १५ पैशांचं कार्ड म्हणजे सरकारनं तोटा सोसून गरिबाला दिलेली सवलत. ती स्पर्धांच्या ढिगात जायला लागल्यावर टपाल खात्यानं स्पर्धांसाठी वेगळं कार्ड काढलं. किंमत दोन रुपये!

या एका गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला, भाग घेणं जितकं स्वस्त, तितकी गर्दी जास्त. १४ लाख पत्रांत आपलं एक कार्ड म्हणजे लबाडी कुणीही केली नाही तरी १४ लाखांत एक चान्स. दुसरा धडा असा की फुकट असं काही नसतंच. प्रेक्षकाला फुकट पडलं तर त्याचा खर्च कुणी तरी दुसरं उचलतं. कधी सरकार, कधी जाहिरातदार. आणि कधी कधी आपल्याला वाटतं फुकट आहे, पण खर्च आपल्याच मोबाइलच्या बॅलन्समधून गेलेला असतो.

दोन रुपये चाळीस पैसे

हा शेवटचा प्रकार कोर्टापर्यंत गेला. ती गोष्ट आपल्या प्रत्येकीला माहीत असायला हवी.

३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि घराघरांत रात्री नऊ वाजता भांडी घासायची राहू लागली. त्याचं तिसरं पर्व २००७ साली जानेवारी ते एप्रिल असं चाललं. सूत्रधार होता शाहरुख खान. त्या पर्वात 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा घरी बसलेल्या प्रेक्षकांसाठी ठेवली होती. पडद्यावर प्रश्न यायचा, उत्तर एसएमएसनं पाठवायचं, बरोबर उत्तरांतून एकाला सोडतीनं दोन लाख रुपये. प्रवेश फी कसलीच नाही. फक्त एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे लागत होते.

दिल्लीच्या 'सोसायटी ऑफ कॅटॅलिस्ट्स' या ग्राहक संस्थेनं राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. बक्षीस कंपनी आपल्या खिशातून देतेय असं लोकांना वाटतं, पण खरं तर ते लोकांच्याच एसएमएसच्या पैशातून दिलं जातंय. आयोगासमोर आलेले आकडे बघा. सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस आले. २ रुपये ४० पैशांनी त्याचे होतात १३ कोटी ९२ लाख रुपये. आणि ५२ भागांत मिळून वाटलेली बक्षिसं १ कोटी ४ लाखांची. सप्टेंबर २००८ मध्ये आयोगानं स्टार आणि एअरटेल यांना मिळून १ कोटी रुपयांचा दंड आणि वर ५० हजार रुपये खर्च भरायला सांगितलं.

पण गोष्ट इथं संपली नाही. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आयोगाचा आदेश रद्द झाला. बक्षिसाची रक्कम थेट एसएमएसच्या कमाईतूनच दिली गेली याचा पुरावा समोर आलेला नाही, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या दोघी कंपन्यांवर ठपका राहिला नाही, हेही आपण प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवं.

आता कोर्ट बाजूला ठेवू आणि घरखर्चाच्या वहीसारखा हिशेब करू. ५ कोटी ८० लाख एसएमएस भागिले ५२ भाग. एका भागाला साधारण ११ लाख एसएमएस. बक्षीस एकच, दोन लाखांचं. दोन लाखांना ११ लाखांनी भागलं की येतात साधारण १८ पैसे. चुकीची उत्तरं बाद झाल्यावर बरोबर उत्तरवालीची बाजू थोडी वधारते, पण थोडीच. म्हणजे बाजारात २ रुपये ४० पैसे देऊन आपण १८ पैशांची आशा विकत घेत होतो! भाजीवाल्यानं असा भाव लावला असता तर आपण त्याला पिशवीसकट परत पाठवलं असतं.

आणि आणखी एक. एकीनं एक एसएमएस पाठवला आणि दुसरीनं दहा पाठवले, तर दुसरीच्या दहा चिठ्ठ्या डब्यात. चिठ्ठी चिठ्ठीला समान आहे, पण बाई बाईला समान राहत नाही. "पैसे घालणाऱ्यांचाच नंबर लागतो" या आपल्या वाक्यात खरं असेल तर एवढंच खरं आहे. पैशानं चिठ्ठीचं वजन वाढत नाही, चिठ्ठ्यांची संख्या वाढते. बरं, २४ रुपये खर्चून दहा चिठ्ठ्या टाकल्या तरी चान्स किती? एक लाख दहा हजारांत एक. त्यापेक्षा २४ रुपयांची कोथिंबीर बरी.

जिथं दोन दारं असतात

मग खरोखर फुकट आणि पैसे देऊन, असे दोन्ही मार्ग एकाच स्पर्धेला असतील तर? याचं उत्तर शोधायला केबीसीच्या माहेरी जावं लागतं. केबीसी हा मूळचा ब्रिटनचा कार्यक्रम. तिथं १९९८ मध्ये तो सुरू झाला. टीव्हीवरच्या फोन-स्पर्धांचं वेडही तिथं आपल्याआधी पसरलं होतं. महागड्या नंबरवर फोन करायचा, उत्तर द्यायचं आणि वाट बघायची.

आपल्याकडे 'हर सीट हॉट सीट' चालू होतं त्याच २००७ साली तिकडे एक मोठं लफडं बाहेर आलं. जीएमटीव्ही नावाच्या सकाळच्या वाहिनीवर रोज स्पर्धा असायची. बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमानं दाखवून दिलं की फोन लाइन चालू असतानाच शेवटच्या फेरीतली नावं निवडली जात होती. म्हणजे लोक फोन करत होते, पैसे कापले जात होते, आणि डबा केव्हाच बंद झाला होता! हे जवळजवळ चार वर्षं चाललं. सप्टेंबर २००७ मध्ये तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेनं वाहिनीला २० लाख पौंडांचा दंड ठोठावला. पुढे मे २००८ मध्ये आयटीव्ही या बड्या वाहिनीला ५६ लाख ७५ हजार पौंड. तिथं काही स्पर्धांत तर सोडत नावालाच होती. फोन करणारा राहतो कुठं, टीव्हीवर कसा दिसेल, किती उत्साहानं बोलेल, हे बघून माणसं निवडली गेली होती.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातल्या बायकांचं म्हणणं आठवलं. "ते मुंबई-पुण्याच्याच घेतात गं." आपल्याकडच्या कुठल्या वाहिनीनं असं केलं असं मी म्हणत नाही. पण अशी शंका येणं म्हणजे मनाचा कोतेपणा नव्हे, हे मात्र तिकडच्या दंडाच्या आकड्यांवरून कळतं.

यातली गंमत बघा. त्या लफड्यात फसले कोण? पैसे मोजून फोन करणारे. पैसे दिले म्हणून त्यांची चिठ्ठी डब्यात पडली असं झालं नाही. ब्रिटनच्या नव्या जुगार कायद्यानं तर हा मुद्दा स्पष्टच लिहून टाकला. १ सप्टेंबर २००७ पासून तो लागू झाला. पैसे भरून भाग घेण्याबरोबर फुकटचा मार्गही द्यायचा असेल तर तो साध्या टपालाचा तरी हवा, नाही तर पैशांच्या मार्गापेक्षा महाग किंवा गैरसोयीचा नसलेला हवा. तो मार्ग आहे हे लोकांना दिसेल असं सांगायला हवं. आणि बक्षीस काढताना पैसेवाला आणि फुकटवाला असा भेद चालणार नाही. असं नसेल तर ती स्पर्धा राहत नाही, लॉटरी होते, आणि लॉटरीचे नियम वेगळे नि कडक.

म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रामाणिक सोडतीत फुकटच्या चिठ्ठीला पैशाच्या चिठ्ठीइतकाच चान्स असतो. अप्रामाणिक सोडतीत दोघींनाही नसतो. पैसे भरून प्रामाणिकपणा विकत घेता येत नाही, बायांनो!

सोडत वेगळी, निवड वेगळी

इथं एक फरक करायला हवा. सगळ्याच टीव्ही स्पर्धा चिठ्ठीच्या नसतात. झी मराठीवर २००४ मध्ये 'होम मिनिस्टर' सुरू झालं. आदेश भावोजी दारात आले की अख्खी गल्ली गोळा व्हायची आणि वहिनी पैठणीसाठी खेळायच्या. २०२२ च्या 'महामिनिस्टर'मध्ये तर ११ लाखांची पैठणी होती. अशा कार्यक्रमात घर, माणसं, गप्पा रंगतील की नाही हे बघूनच निवड होणार. तिथं सगळ्यांना समान चान्स असं वचनच नसतं. ती परीक्षा असते, आणि परीक्षेत आपण काय आहोत याला किंमत असते.

केबीसीमध्ये दोन्ही आहे. नोंदणीच्या वेळी लाखो लोक, त्यातून काही जणांची निवड आणि त्यानंतर चाचणी, मुलाखत. पहिली पायरी नशिबाची, पुढच्या आपल्या अभ्यासाच्या. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी याच वाटेनं जाऊन १ कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार रुपयांवर. त्यांचं उदाहरण देऊन कुणी म्हणेल, बघा, लहान गावातल्या बाईचाही नंबर लागतो. हो, लागतो. पण त्या पैसे जास्त घालून पुढे गेल्या नाहीत. पुस्तकं वाचून गेल्या. आपल्याला तिथं जायची मनापासून इच्छा असेल तर रिचार्ज वाढवण्याऐवजी गावच्या वाचनालयाची वर्गणी भरलेली बरी.

फुकटची चिठ्ठी महागात पडते तेव्हा

आता सगळ्यात महत्त्वाचं. चान्स कमी असल्यानं आपलं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी हौसेनं एका कार्यक्रमाच्या नोंदणीत भाग घेतला होता. फुकट. महिनाभरानं व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली! अमिताभ बच्चन यांचा फोटो, बँकेचा शिक्का, एका मॅनेजरचा आवाज हिंदीतून. आधी 'फाइल चार्ज' म्हणून ८ हजार २०० रुपये. मग 'टॅक्स' म्हणून १५ हजार. दिवाळीच्या शिलाईचे सगळे पैसे गेले. मला म्हणाल्या, "ताई, मी भाग घेतलाच नसता तर विश्वास बसला नसता. पण मी पाठवलं होतं ना उत्तर, म्हणून वाटलं खरंच लागलं." घरी सांगितलं नाही म्हणून तक्रार करायलाही आठवडा गेला. पैसे परत आले नाहीत.

त्यांचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. चोरानं त्यांच्या लोभावर घाला घातला नव्हता, त्यांच्या चिठ्ठीवर घातला होता. केबीसीच्या नावानं असे निरोप गेली कित्येक वर्षं फिरताहेत. पुष्कळदा नंबर +९२ नं सुरू होतो, म्हणजे भारताबाहेरचा. पण आता देशातल्या नंबरवरूनही फोन येतात, त्यामुळे नुसता नंबर बघून भागत नाही.

एक खूण मात्र पक्की. बक्षीस घेण्यासाठी तुमच्याकडून कुणाच्या खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागितले की समजा, ते बक्षीस नाही. "पण टॅक्स तर असतोच ना?" असं विचारतील. असतो. बक्षिसाच्या मोठ्या रकमेवर निदान ३० टक्के कर असतो, पण रोख बक्षिसात देणाराच तो आधी कापून घेतो आणि उरलेली रक्कम आपल्या खात्यात येते. गाडीसारखी वस्तू मिळाली तर कर भरल्याशिवाय ती हातात देत नाहीत, हेही खरं. पण तो कर सरकारकडे जमा होतो, पॅनच्या नोंदीसह, त्याची पावती असते. कुण्या 'मॅनेजर'च्या मोबाइलवर तो जात नाही. फसगत झालीच तर लाजत बसू नका. १९३० या नंबरवर तासाभरात फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. घरच्यांना काय वाटेल हा विचार नंतर.

पाठवण्याआधी पाच मिनिटं

मी कुणाला स्पर्धेत भाग घेऊ नका असं सांगणार नाही. दिवसभर राबून रात्री दोन मिनिटं प्रश्नाचं उत्तर शोधण्यात मजा असेल तर ती का घालवायची? फक्त भिशीचा डबा डोळ्यांसमोर ठेवायचा.

'अटी व नियम' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते एकदा उघडून बघा. इंग्रजीत असतील तर लेकाला, सुनेला वाचायला लावा. स्पर्धा किती वाजता बंद होते? विजेता सोडतीनं निघणार की परीक्षक ठरवणार? एकीला किती वेळा भाग घेता येतो? एसएमएसला नेहमीचा दर की जास्त? निकाल कुठे आणि केव्हा लागणार? ही पाच उत्तरं जिथं सापडत नाहीत तिथं उत्तर पाठवायची घाई नको. फुकटचा मार्ग आणि पैशाचा मार्ग दोन्ही असतील तर डोळे झाकून फुकटचा घ्या. चिठ्ठी तीच, वजन तेच. आणि फुकट म्हणताना आपण आपला नंबर, नाव, पत्ता देतो, त्याचीही किंमत असते. पुढे दिवसभर विम्याचे आणि कर्जाचे फोन येतात ते उगाच नाही. म्हणून आधार, बँकेचा नंबर, ओटीपी यातलं काहीही नोंदणीच्या वेळी द्यायचं नाही.

आपला कायदाही अगदीच मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितलंय. एखादी गोष्ट फुकट आहे असं भासवून तिची किंमत त्याच व्यवहारातून वसूल करणं, ही त्यातली एक. आणि बक्षिसांची योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणं, ही दुसरी. ही दुसरी ओळ प्रत्येकीनं लक्षात ठेवावी अशी आहे. एक अडचणही सांगते. कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती. त्यामुळे ज्या बाईनं एक पैसाही दिलेला नाही तिला एकटीनं दाद मागणं सोपं नाही. पण एसएमएसचे जादा पैसे कापले गेले असतील तर ती नक्कीच तक्रार करू शकते. त्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पडद्यावरच्या जाहिरातीचा फोटो आणि पैसे कापल्याचा मेसेज तेवढा जपून ठेवायचा.

शेवटी एक मनातलं सांगते. आपल्या बायका त्या उत्तरांमागे इतक्या का लागतात? मिक्सर तर घरात असतो. मला वाटतं, ओढ असते ती नावाची. शाळेच्या दाखल्यानंतर, लग्नपत्रिकेनंतर आपलं नाव कुठं मोठ्या अक्षरात आलेलं नसतं. पडद्यावर पट्टी फिरावी, त्यात आपलं नाव यावं, आणि नावापुढे आपल्या गावाचं नाव, जे बातम्यांत फक्त पूर आला की येतं. ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही.

म्हणूनच पुढच्या वेळी उत्तर पाठवलंत की तेवढ्यावर थांबू नका. निकालाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी शोधा, कुणाचं नाव निघालं ते. सापडलं नाही तर वाहिनीला विचारा, दोन ओळींचा ईमेल का होईना. बक्षीस आपल्याला लागायलाच हवं असा कुणाचा हट्ट नाही. पण आपली चिठ्ठी डब्यात पडली होती की नाही, हे विचारायचा हक्क फुकटात भाग घेणारीलाही आहे.